अर्धा तास

लोक त्याला कंपाउंडर म्हणत. तो कंपाउंडर नव्हता, मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसची मशीनं चालवायचा. पण लोकांना कोण समजावणार? दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, किडन्या निकामी झाल्या आणि हॉस्पिटलात नंबर लागेना. तेव्हा त्याने नोकरी सोडली, दोन जुनी मशीनं घेतली आणि बंद पडलेल्या बेकरीच्या गाळ्यात स्वतःचं सेंटर काढलं. पहिला पेशंट दादाच. चार तास पुरे झाल्याशिवाय कॉटवरून कोणी उठायचं नाही, हा नियम. घाई करणाऱ्याला तो दम भरायचा, "रक्त आहे ते, धुणं नाही."

सेंटर चाललं. गूळ दिसला की मुंगळे येणारच. एक गुंतवणूकदार फंड आला. त्यांचा माणूस मोठा गोडबोल्या. त्यांनी निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि पाच गावांत सेंटरं काढायचं ठरवलं. कंपाउंडर हुरळून गेला. कोण हुरळलं नसतं? वर्षभराने फंडाच्या माणसाने सुचवलं, साडेतीन तासांवर आलो तर दिवसात एक पाळी जास्त बसते. तेवढी वाढ दिसली नाही तर पुढचा पैसा येणार नव्हता, आणि दोन सेंटरं अर्धवट बांधून पडली होती.

पेशंट कुरकुरू लागले. तेव्हा दादाच म्हणाला, "आधी माझा वेळ कमी कर. मग कोण बोलतंय बघू." कंपाउंडरने तसं केलं. त्यानंतर कोणी शंका काढली की तो छातीठोकपणे सांगे, माझा सख्खा भाऊ एवढाच वेळ घेतो. सगळ्यांची तोंडं बंद.

दादा हळूहळू सुजत गेला. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. हे कंपाउंडरला दिसायलाच हवं होतं, पण तो नव्या सेंटरांपायी गावोगाव फिरत होता. एका रविवारी फुप्फुसात पाणी भरून दादा गेला. वहिनी रडली नाही.

"दोन महिने बसून झोपत होते, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला कळू देऊ नको म्हणायचे. त्याचं काम एकदा उभं राहू दे म्हणायचे."

तो फंडाच्या बैठकीत गेला आणि चार तास परत मागितले. सगळ्यांनी उभं राहून दादाला श्रद्धांजली वाहिली, मग मतं घेतली. त्याच्या बाजूने एकच हात वर झाला, त्याचा स्वतःचा. सोडून जावं तर करार आडवा येत होता; पाच वर्षं त्याला दुसरं सेंटर काढता येणार नव्हतं. तो राहिला.

पाचवं सेंटर उघडलं त्या दिवशी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. आधीच्या ठिकाणी चार तास लावायचे, इथे कमी का, असं तिने विचारलं. नर्स नवीन होती. शिकवलेलं उत्तर तिने चटकन दिलं, की साहेबांचे सख्खे भाऊसुद्धा एवढाच वेळ घेतात.

बाईने कंपाउंडरकडे पाहिलं. "खरंच का हो?"

"हो," तो म्हणाला, आणि तिच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन सुईसाठी शीर शोधू लागला.