दार सोडून भिंतीकडे

माझा नवरा भिंतींना धडका मारायची नोकरी करतो. थट्टा नाही करत. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत तो टेस्टर आहे. खेळातल्या शिपायाला प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कोपऱ्यात आपटून बघायचं, कुठे आरपार जातो का, कुठे अडकतो का, आणि सापडलं की कळवायचं. सासूबाई म्हणतात, "लहानपणी खेळतो म्हणून मार खायचा, आता खेळतो म्हणून पगार खातो." त्यांना कोण सांगणार, की याने खेळून जमाना झाला.

तीही नोकरी कंत्राटी. आणि आता कंपनीने कळवलं, धडका मारायला प्रोग्रॅम आलाय, कंत्राट संपलं की तुम्ही मोकळे. चाळिशी उलटलेल्या, दुसरं काही न येणाऱ्या माणसाला दारात तरी कोण उभं करतंय? तेवढ्यात नवीन खेळांचे नकाशे रचायच्या विभागात एक कायमची जागा निघाली. हा म्हणे, "मला कोण घेणार?" मी मानगुटीवर बसून अर्ज करायला लावला.

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर होती. सासूबाईंचा टीव्ही बंद करून मी दाराच्या फटीला डोळा लावला. बोलणं बरं चाललं होतं. मग पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "आपला मागचाच खेळ लावा. सहज खेळा, आणि त्यातल्या राजवाड्यातलं तुम्हाला काय आवडतं ते दाखवा." याच खेळावर याने वर्षं घातलेली. म्हटलं, चला, जिंकलो.

शिपाई राजवाड्यासमोर उभा होता. दार सताड उघडं. आणि हा बाबा डावीकडे वळला, भिंतीपाशी गेला नि धडका द्यायला लागला. धडक, एक पाऊल बाजूला, पुन्हा धडक. मी फटीतून हातवारे करतेय, याचं लक्ष असेल तर शपथ.

"आत जाऊ या का?" मॅडमनी विचारलं.

"हो हो, एवढी भिंत झाली की."

वेळ संपली तेव्हा शिपाई मागच्या बुरुजापाशी होता. मॅडमनी जाता जाता पुन्हा विचारलं, आतलं काय आवडतं? याच्या वाट्याला बाहेरच्या भिंती होत्या, आतलं काम दुसऱ्या टीमकडे.

नकार संध्याकाळीच आला. मी तोंडाला येईल ते बोलले. "अरे, एवढं मोठं दार दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना. हातच तिकडे वळले गं," म्हणाला आणि रडायला लागला. मग मलाही आवरेना. पुढे काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कपाटावर त्या खेळाचा डबा पडला होता, कंपनीने भेट दिलेला, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला. मी रागारागाने तो फोडला आणि लावला. मला धड चालवताही येत नाही, पण शिपायाला ठेचकाळत का होईना, दारातून आत नेलं. आत मोठा चौक होता, मधे पाणी, वर पांढरे पक्षी उडत होते. नवरा पुढे सरकून बघत राहिला.

"हे इथे होतं?" त्याने विचारलं. मी शिपायाला चौकभर फिरवत राहिले.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले नि बोट दाखवलं. "त्या कोपऱ्यात जा जरा. तिथे फट दिसतेय मला."

मी गेले.