शेक

तीस वर्षं मी जयपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी कणत्वरकांचा धडा रंगवून रंगवून सांगितला. जमिनीखालचं मैलोन्मैल लांबीचं कडं, त्यात एकमेकांवर आदळणारे प्रोटॉन, त्यातून निघणारे नवे कण. धड्याच्या शेवटी 'इतर उपयोग' असा मथळा असे: कर्करोगावर उपचार, सिरिंजचं निर्जंतुकीकरण, असं काहीबाही. "ये परीक्षा में नहीं आता, छोड़ दो," म्हणून मी डस्टर उचलायचो.

प्रत्यक्ष त्वरक मी पाहिला तो निवृत्तीनंतर, इस्पितळाच्या तळघरात, आणि तोही बायकोमुळे. स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं होतं, आता पंचवीस दिवस रेडिएशन. तिलक नगरहून रोज ऑटोने जायचं आणि नंबर लावून बाकावर बसायचं. तिथे रेडिएशन कुणीच म्हणत नसे. सगळे म्हणत 'सिकाई'. आतला तंत्रज्ञसुद्धा दार उघडून म्हणे, "माताजी, सिकाई के लिए आइए." आमची ही माहेरची साताऱ्याची, तिने त्याचं लगेच मराठी करून टाकलं. फोनवर बहिणीला सांगे, "आज पाचवा शेक झाला."

मला ते ऐकवेना. सातव्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी अक्कल पाजळली.

"अगं, शेक काय शेक! तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांना एका नळीतून मायक्रोवेव्हच्या लहरी ढकलत नेतात, मतलब झोपाळ्याला वेळेवर धक्के देत राहावं तसं. एवढ्याशा नळीत ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला पोचतात आणि टंगस्टनवर आपटतात. त्यातून क्ष-किरण निघतात, ते पेशी मारतात. तुला तिथे ऊब तरी लागते का? ही काय गरम पाण्याची पिशवी आहे?"

समोरच्या दोन बायका माझ्याकडे बघत राहिल्या. ही शालीची टोकं सारखी करत होती.

"पिशवी तुम्हीच सांगितली होती," ती म्हणाली. "मागच्या थंडीत. काखेत गाठ लागतेय म्हटलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणालात, शेक घे. घेतला की मी. होळीपर्यंत घेतला."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही, आणि स्वतःची खरी चीड येते ती त्यामुळेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं, आता काखेतल्या गाठींत पसरलंय, खात्री देता येत नाही. ते ऐकून घरी आल्यावर मी तिच्यावरच ओरडलो होतो. एवढी शिकलेली बाई, दुखणं अंगावर काढतेस म्हणजे काय? ती तेव्हा मुकाट्याने भाजी निवडत बसली होती.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही बोलत होतात."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. उठताना तिने शाल माझ्याकडे दिली.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "समोरच्या घरातल्या भाभीजी येते म्हणाल्यात. त्या सिकाईच म्हणतात."

उरलेले अठरा दिवस ती त्यांच्याबरोबरच गेली.