फोटो काढून ठेवा

रामनगर मागे पडल्यावर व्यापारी मित्राने गाडी चालवता चालवता सांगितलं, "सकाळीच फोन केलता त्या म्हातारीच्या पोराला. म्हटलं, आमी यीस्तोवर कॅमेऱ्याचा फोटो काढून ठेवा. तुमी बघायला मागितला हुता न्हवं? अजून काय आला न्हाई."

"नेमके हेच शब्द वापरले?"

"व्हय. का?"

मराठीत फोटो काढतात. पेटीतले कपडेही काढतात. त्या घरात वर्षानुवर्षं एकच गोष्ट बोलली जात होती, की त्या कॅमेऱ्याच्या डबीत एक फोटो आहे. तिथे या वाक्याचा अर्थ एकच होण्यासारखा होता: झाकण उघडायचं आणि आतला फोटो बाहेर काढायचा. मी हे सांगितलं तेव्हा मित्राने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. रिंग गेली नाही. त्या घरातला फोन मुलाच्या खिशात असे आणि तो टेकडीवर चढल्याशिवाय लागत नसे. पुढच्या वळणावर आमच्याही फोनची रेंज गेली.

मुठीत मावणारे जुने कॅमेरे मी जमवतो. काही काडेपेटीएवढे असतात, काही त्याहून थोडे लांब. बहुतेकांचं रीळ आता बनत नाही. असा कॅमेरा बंद पडलेला मिळतो, गंजलेला मिळतो. आत न धुतलेलं रीळ असलेला क्वचितच. तो मिळाला तर उजेडात झाकण उघडायचं नाही, आतले फोटो जळतात. हा पहिला नियम आहे.

हा कॅमेरा दिग्गीच्या बाजूच्या एका वाडीत होता. घरातल्या म्हातारीचा नवरा तरुणपणी धरणाच्या मोजणीवाल्यांबरोबर काठ्या आणि साखळ्या वाहत असे. त्यातल्या एका साहेबाने बदली झाल्यावर जाताना तो त्याला दिला. म्हातारीचं माहेर त्या सुपा धरणाच्या पाण्यात गेलं. घर सोडण्यापूर्वी नवऱ्याने तिच्या वडिलांना अंगणात उभं करून फोटो घेतला. त्या मापाचं रीळ धुऊन द्यायला ना दांडेलीत कोणी तयार झालं, ना बेळगावात. वडिलांचा दुसरा फोटो नव्हता. आता वडील नाहीत आणि नवराही नाही. आमचं ठरलं होतं ते असं: मी रीळ धुऊन फोटो आणून द्यायचा, आणि कॅमेरा मी ठेवायचा.

जोयड्याच्या पुढे रस्ता अरुंद झाला. वनखात्याच्या नाक्यावर रक्षकाने पिशवी उघडायला लावली आणि आतले दोन छोटे कॅमेरे हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"ह्यात वाघ मावतोय व्हय?" त्याने विचारलं.

एरवी मित्र त्याच्याशी गप्पा मारत बसला असता. आज तो म्हणाला, "अण्णा, सोडा लवकर." ती घाई पाहून रक्षकाने पिशवीतली टॉर्चही बाहेर काढली, पेटवून पाहिली आणि मग अडसर उचलला. पुढे दोन ओढे लागले. मित्र एकदाच बोलला. "उघडला आसंल तर सगळंच गेलं का?"

मी म्हणालो, "उघडून काय केलं त्यावर आहे."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ऊन होतं. म्हातारीची सून उंबऱ्याजवळ बसली होती. मांडीवर सूप होतं आणि सुपात कॅमेरा, झाकण उघडं.

"अण्णा, फोटो काय निघंना," ती मित्राला म्हणाली. "नुसती काळी पट्टीच हाय. आणखी वढू काय?"

"हात लावू नको!" मित्र ओरडला.

तिने हात झटकन मागे घेतला. मी दोरीवरचं कांबळं ओढून सुपावर टाकलं, कडा दुमडल्या आणि आत हात घालून चाचपडलं. या कॅमेऱ्यात एकमेकींना जोडलेल्या दोन बारीक डब्या असतात. फोटो घेतला आणि बाजूचं चाक फिरवलं की तेवढी पट्टी एकीतून दुसरीत जाते. दुसरीत गेलेल्या फोटोंना उजेड लागत नाही. दोन डब्यांच्या मध्ये जो तुकडा उघडा राहतो, तो जळतो. पट्टी ओढलेली नव्हती. मी झाकण चापून बसवलं.

म्हातारी आतून आली. तिने आधी कांबळं पाहिलं, मग आमची तोंडं.

"तम्मा, काय झालं रं?" तिने मित्राला विचारलं.

मित्राने तिला सांगितलं. तिने सुनेकडे पाहिलं. सूनच बोलली. "काढून ठेवा म्हटल्यासा, असं ह्येंनी सांगितलं, म्हणून काढाय बसले. मला काय ठावं?" आणि ती आत गेली.

मी म्हातारीला विचारलं, "वडिलांचा फोटो शेवटचा होता?"

"व्हय."

"तो काढल्यावर चाक फिरवलं होतं?"

ती खांबाला टेकून उभी राहिली. "फिरवत हुते. मधीच अडलं. हे जोर लावाय लागले तर बाबा म्हणाले, जावईबापू, सोडा आता, पाणी यायच्या आधी तुमीच मोडशीला." ती किंचित हसली. मग विचारलं, "म्हंजे हाय का गेला?"

"अर्धा असेल."

"कुठला अर्धा?"

"धुतल्याशिवाय कळणार नाही."

तिने मान हलवली. आम्ही कॅमेरा घेऊन निघालो.

रीळ मी माझ्या हाताने धुतलं. सुरुवातीला मोजणीच्या काठ्या होत्या, एक कुत्रा, होडीत बसलेली माणसं. शेवटच्या फोटोसाठी कॅमेरा उभा धरलेला होता. चौकटीचा वरचा भाग जळून पूर्ण पांढरा. खाली कमरेची आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता, गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि सारवलेल्या अंगणात शेजारी शेजारी टेकवलेले दोन पाय. डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

फोटो घेऊन पुन्हा गेलो तेव्हा सून चुलीपाशी होती. मित्राने हाक मारली तरी बाहेर आली नाही. म्हातारीने फोटो उजेडाकडे धरला, वरच्या पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं आणि खाली आणलं. बोट अंगठ्यावर थांबलं.

"बैलानं पाय दिलता," ती म्हणाली. "त्येंचाच हाय."

तिने आत पाहून हाक दिली.

"गे, बाहीर ये. आजेसासऱ्याच्या पाया पड."

सून दारात आली. डोळे खाली होते.

"ये की. तोंड न्हाई त्येंचं, पाय हाईत," म्हातारी म्हणाली. "पाया पडायला तेवढं पुरं."