तीन फॉर्मांवरची एक आई

न्येन यु-श्या अगरबत्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षं पगारपत्रकं लिहून निवृत्त झाली, आणि पुढच्याच मे महिन्यात तिने आमच्या देवळाच्या बाजूच्या दालनात घडीचं टेबल मांडलं. मे म्हणजे आमच्या तैवानात टॅक्सचे फॉर्म भरायचा महिना. ज्याला काही विचारायचं असेल त्याने यावं, फुकट. देवळातला चहा माझ्याकडे असतो, त्यामुळे तिथले सगळे प्रश्न माझ्या कानांवरून गेलेत.

लोक काहीही विचारत. मासेवाला एकदा पोपट घेऊन आला. "ताई, हा माझ्याकडेच खातो-पितो, मला बाबा म्हणतो. कुटुंबात दाखवू?"

"याचं ओळखपत्र आहे?" यु-श्याताईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो पोपटाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन हजर. ताईने ते शेवटपर्यंत वाचलं, मगच नाही म्हणाली. ती कुणाला हसायची नाही. सरकारी पाकीट दारात पडलं की माणूस ते दोन दिवस उघडतही नाही, हे तिला ठाऊक होतं.

असंच पाकीट चुन्-लान आमाच्या घरी आलं. आमा म्हणजे गल्लीची आजी, वय चौऱ्याऐंशी. थोरला आ-तिएन तिच्याबरोबर राहतो, धाकटा युंग-फा तैपेईत, मुलगी स्यो-चिन ताइचुंगमध्ये. म्हाताऱ्या आईला सांभाळणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते. तिघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापल्या फॉर्मवर लिहिलं होतं, आई माझ्यावर अवलंबून आहे. आता टॅक्स ऑफिस विचारत होतं, नक्की कुणावर?

तिघं आमाला घेऊन टेबलाशी आले. "आई एक, फॉर्म एक," यु-श्याताई म्हणाली. "कोण ते आपसांत ठरवा."

"ठरवायचं काय त्यात? माझ्या छपराखाली राहते," आ-तिएन म्हणाला.

"छप्पर आईचं आहे, दादा. तू त्याच्याखाली राहतोस," स्यो-चिन म्हणाली. "तिच्या गुडघ्यांची औषधं कोण आणतं?"

"आणि फ्रीज? फ्रीज काय आपल्या पायांनी चालत आला?" युंग-फा ओरडला.

आमा माझ्या शेजारी बसून शेंगदाणे सोलत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मग यु-श्याताईच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "पटत नसेल तर प्रत्यक्ष कोण सांभाळतं त्याचा पुरावा द्यावा लागेल." त्या वाक्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवसापासून पुरावे तयार होऊ लागले. सकाळी सहाला आ-तिएनची रताळ्याची पेज, फोटोसकट. सातला स्यो-चिन पहिल्या गाडीने येऊन शेवयांचं सूप भरवायची, फोटोत तारीख दिसावी म्हणून आमाच्या हातात आजचं वर्तमानपत्र. युंग-फाने रजा टाकली, आठचा नाश्ता आपल्याकडे घेतला आणि दुसरा फ्रीज आणला. मग स्यो-चिनने तिसरा. आमच्या वॉर्डप्रमुखाने तिघांनाही "हाच सांभाळतो" असे दाखले सही-शिक्क्यानिशी दिले. पुढच्या वर्षी निवडणूक होती, कुणाला नाराज करणार?

दहाव्या दिवशी आमा टेबलाखाली येऊन बसली. खरंच, टेबलाखाली.

"यु-श्या, मला लपव. चौथा नाश्ता येतोय."

"आमा, चूक माझीच," ताई हळूच म्हणाली. त्या दिवशी तिचा डबा तसाच राहिलेला मी पाहिला. दुपारी टेबल बंद करून ती आमाच्या घरी गेली, मला साक्षीला नेलं. तीन फ्रीज एका भिंतीला घुमत होते. तिघं भावंडं तीन वाट्या घेऊन बसली होती.

फॉर्मवरचे प्रश्न तिने पहिल्यांदाच आमाला विचारले. "विजेचं बिल कोण भरतं?"

"मी."

"कशातून?"

"ओसरीच्या भाड्यातून. चहावाल्या पोरी तिथे दुकान लावतात ना, गेल्या वर्षापासून. आ-तिएनला वाटतं, माझ्या मैत्रिणी आहेत."

ताईने चष्मा काढून पुसला. "मग ऐका. आईला जो आपल्या फॉर्मवर घेईल, त्याने तिचं भाड्याचं उत्पन्नही आपल्या फॉर्मवर घ्यायचं. त्यावर टॅक्स त्याचा."

वाट्या खाली ठेवल्या गेल्या.

"दादा, तुझाच हक्क," युंग-फा म्हणाला. "तू थोरला."

"छे, छे. औषधं स्यो-चिन आणते, मी कृतघ्न नाही."

"फ्रीजपुढे गोळ्या काय रे चीज आहेत!" स्यो-चिन युंग-फाकडे बोट दाखवत म्हणाली.

पाच मिनिटांत आई कुणाचीच राहिली नाही. ताई तिचा हात धरून म्हणाली, "आमा, तुमचा फॉर्म तुमच्या नावाने भरू." आमाने आयुष्यातला पहिला फॉर्म भरला, सही करताना जीभ बाहेर काढून.

नाश्ते थांबले. युंग-फा आपला फ्रीज परत घेऊन गेला. महिनाभराने आमा आली ती रागावूनच. "तू म्हणालीस आणि पोरं यायची बंद झाली."

"तुम्हीच तर टेबलाखाली लपला होतात!"

"चौथ्या नाश्त्याला. पहिले तीन मला आवडत होते."

वर्ष सरायच्या आत आमाने चहावाल्या पोरींना ओसरी फुकट देऊन टाकली. भाडं नाही, उत्पन्न नाही. मग एकाच सकाळी तिन्ही पोरांना फोन केला, "मी पुन्हा अवलंबून झाले." आ-तिएन शेजारच्या खोलीतच होता, त्यालाही फोनच केला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पेज, सूप आणि आणखी एक फ्रीज.

यु-श्याताई या वेळी चिडली. तिघांना टेबलासमोर उभं करून तिने पाळी लावून दिली. एक वर्ष एकाच्या फॉर्मवर, पुढचं दुसऱ्याच्या. अशा पाळीला कायद्याची आडकाठी नाही. "पण जेवण तिघांचं. रविवार वाटून घ्या. फोटो काढायचे नाहीत."

"आणि ज्याची पाळी नाही तो कशाला येईल?" आ-तिएनने विचारलं. त्याला ते खरंच समजत नव्हतं.

ताई काही बोलायच्या आत आमाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो त्याला बरोबर समजला.

यंदा स्यो-चिनचं वर्ष आहे. परवाच्या रविवारी ती लाल भोपळ्याच्या शेवया घेऊन आली, पाठोपाठ, आपला रविवार नसतानाही, दोघे भाऊ. आमाने यु-श्याताईलाही बोलावून घेतलं होतं. ताईच्या स्वतःच्या फॉर्मवर तिच्या नावाखेरीज कुणीच नाही. आमाने तिच्या वाटीत तिसऱ्यांदा शेवया वाढल्या तेव्हा ताईने पोटावर हात ठेवून नाही म्हटलं, आणि मग खाल्ल्या.