किशनमामा आणि गाडीचा स्वभाव

किशनमामा सोनकांबळे कुठल्याही गाडीत बसण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायचे. मालाचा टेम्पो असो की एखाद्या पुढाऱ्याची चकचकीत गाडी असो, चपला बाहेर आणि मामा आत. नवा माणूस त्यांना फार भाविक समजायचा. तेलंगणातल्या एका व्यापाऱ्याने तर कौतुकाने नारळच पुढे केला होता. मामा त्याच्याशी त्याच्याच तेलुगूत काहीतरी बोलले आणि त्याने नारळ मुकाट्याने परत पिशवीत ठेवला. काय म्हणालात, असं मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई सर. म्हणलं, मला तुमची गाडी पायानं ऐकायची हाय. चपलीतून ऐकू येत न्हाई."

देगलूरात उदगीर रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणजे गाडीतलं मला काही म्हणता काही कळत नाही. पण मामांचं ऐकणं बघायला मी तासन् तास तिथे बसलो आहे. ते मागच्या सीटवर मधोमध बसत, पायाखालचं रबर बाजूला सारत, तळवे पत्र्यावर टेकवत आणि डोळे मिटून घेत. गाडी मालकाने चालवायची. फर्लांगभर गेलं की मामा म्हणत, "घ्या मागं. डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग." चाक खोलल्यावर बेअरिंगच निघायचं. मालक आधी लांबलचक कहाणी सांगत असे, ती ते मान हलवत ऐकून घेत आणि नंतर मला हळूच म्हणत, "मालकानं काय सांगितलं ते अदुगर इसरून जायचं सर, मंग बसायचं." मी त्यांच्या चुका शोधायला टपलेलो असायचो, पण मला फारशा कधी सापडल्या नाहीत.

त्यांची आणखी एक रीत होती. दुरुस्त झालेल्या गाडीची शेवटची फेरी ते स्वतः कधीच मारत नसत. ती फेरी माधवची. माधव म्हणजे गॅरेजमधला त्यांचा भागीदार, पन्नाशीचा, डावा पाय ओढत चालणारा, अबोल माणूस. दुरुस्ती चालू असताना मामा त्याला त्या गाडीकडे फिरकूही देत नसत. काम संपलं की किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि काहीच सांगायचं नाही. माधव फेरी मारून यायचा आणि "हाव" किंवा "न्हाई" एवढंच म्हणायचा. "न्हाई" म्हणाला की मामा ती गाडी पुन्हा खोलायला बसत, मालक घड्याळ दाखवत उभा असला तरी. मला वाटायचं, मामांना आता उन्हाचं चालवायचा कंटाळा येत असेल.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची एक जुनी मोटार आहे. तिचे नखरे हा माझा अभिमानाचा विषय होता. दार वर उचलून लावायचं, सकाळी सुरू करताना तिसऱ्या वेळी थोडं रागावून बोलायचं, पावसाळ्यात डावीकडची काच हाताने धरायची. मामा एकेक गोष्ट दुरुस्त करायला निघाले की मी आडवा यायचो. "राहू द्या हो मामा, तो तिचा स्वभाव आहे." मामा माझ्याकडे बघत, पाना खाली ठेवत आणि चहा मागवत.

हे प्रेम एवढं उतू गेलं की मी एका दिवाळी अंकात त्यावर लेख लिहिला. जुन्या गाड्यांना आत्मा होता, आजच्या गाड्या म्हणजे नुसती हुशार यंत्रं, असा त्याचा सूर. गॅरेजात बसून मी तो मामांना वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. मग म्हणाले, "लई भारी लिवलंय सर. पण एक अडचण हाय. आमच्या धम्मात माणसालाच आत्मा न्हाई, गाडीला कुठून आणू?" माधवला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं तोंड मात्र पडलं.

माझा धाकटा भाऊ शिरीष लातूरला डॉक्टर आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने विजेवर चालणारी एक महागडी गाडी घेतली. श्वास घेऊन सोडेपर्यंत ती शंभरावर पोचते. एका शनिवारी तो ती घेऊन देगलूरला आला. मला तास नव्हते. मी त्याला थेट मामांकडे नेलं, आणि खरं सांगायचं तर मनात काळंबेरं ठेवूनच नेलं. ह्या गाडीत राम नाही, हे मला मामांच्या तोंडून भावाला ऐकवायचं होतं.

मामांनी आधी बॉनेट उघडायला सांगितलं. आत इंजिनच नाही. एक स्वच्छ, रिकामा, गालिचा घातलेला खण. मामा बराच वेळ त्या खणाकडे बघत राहिले, मग त्यांनी जेवणाचा डबा आणून त्यात ठेवला आणि झाकण लावलं. "चला. डबा तरी बसंल." चपला काढल्या, मागे मधोमध बसले, डोळे मिटले. मी पुढे. आम्ही उदगीर रस्त्याला निघालो.

शिरीषने पाय दाबला तेव्हा माझं डोकं मागे आपटलं. रस्त्याकडेची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळली. आवाज मात्र नाही. मी मागे वळून पाहिलं तर मामांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. एखाद्या मोठ्या गवयाने सूर लावावा आणि ऐकणाऱ्याने हात जोडावेत, तसे ते बसले होते. "पायाला कायबी लागंना," ते पुटपुटले. "चाळीस वर्षं झाली सर. अशी गुमान गाडी बघितली न्हाई."

"तेच म्हणतो मी," मी संधी साधली. "काही लागतच नाही! हिला स्वभावच नाही. आमच्या गाडीचं बघा. हल्ली उताराला ब्रेक दोनदा मारावा लागतो. पहिल्यांदा पायडल खाली जातं, दुसऱ्यांदा धरतं. मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे. ह्याला म्हणतात नातं. ते ह्या गाडीत कुठे आहे?"

मामांनी डोळे उघडले. "कवापासून?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे."

"बाईंना म्हाईत हाय का?"

बाई म्हणजे माझी बायको सुनंदा. ती बिलोली रस्त्यावरच्या एका गावात शिक्षिका आहे. आमची जुनी गाडी मी रविवारी चालवायचो, आणि सुनंदा रोज. दोन-तीन आठवडे मी माझ्या गाडीच्या नात्याचं कौतुक करत होतो आणि बायकोला सांगितलं मात्र नव्हतं. 

"आज शनवार," मामा म्हणाले. "सकाळची शाळा. साडेअकराला सुटती. तो मोठा उतार येताना लागतोय." घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती वर्गात फोन कपाटात ठेवते.  मामा एकदम म्हणाले, "डॉक्टरसाब, गाडी मला द्या. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला ठाव हाय."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरला. सत्तरीचे मामा अनवाणी त्या जागी बसले. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "थांबवायची कशी?" रिकाम्या रस्त्यावर तीन वेळा वेग घेतला, तीन वेळा थांबवली. मग गाडी वळवली आणि आम्ही निघालो. गाव मागे टाकून बिलोली रस्त्याला लागलो. तो जुना खडबडीत रस्ता होता, आणि मामा खड्डे दिसायच्या आधीच चुकवत होते. एवढी ताकदीची गाडी त्यांच्या दोन बोटांत चालली होती. एवढ्या भीतीतही मी त्यांचे हात बघत होतो.

एका वळणावर उसाने भरलेला ट्रॅक्टर अचानक आडवा आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी सरळ रेषेत, काही आवाज न करता, ट्रॉलीपासून दहा पावलांवर उभी राहिली होती. मामांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला.

"बगा सर," ते म्हणाले. "सकाळपतूर मी हिला बघितलं बी न्हवतं. तरी हिनं कोण हाय, कुणाचा हाय म्हणून इचारलं न्हाई."

हा प्रश्न मामांना आयुष्यात किती दारांवर विचारला गेला असेल, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं. ट्रॅक्टर बाजूला झाला. गाडी पुन्हा निघाली आणि समोर बघतच मामा सांगू लागले.

"मी सरकारी खात्यात जीपवर होतो तवाची गोष्ट हाय. माझ्या जीपला असंच व्हतं, ब्रेक दोनदा मारायचा. साहेब म्हणायचे दुरुस्त कर. मी करत न्हवतो. लई मगरुरी व्हती सर. ही माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई, असं समद्यांना सांगायचो. एका वर्षी धम्मचक्राला नागपूरला गेलो, किल्ली माधवला दिली. नवं पोरगं, आठ दिवस झाले व्हते लागून. धर्माबादच्या रस्त्यानं पुलावरून खाली गेलं."

"सांगायचं राहून गेलं असेल मामा," शिरीष मागून म्हणाला.

"राहून गेलं असतं तर झोप लागली असती, डॉक्टरसाब. म्या सांगितलंच न्हाई. म्हणलं, बघू तर, ह्याच्या हातात चालती का." मग म्हणाले, "तो पाय गेला तो जीपच्या सोभावापायी. तिच्या न् माझ्या."

तेव्हा मला माधवची फेरी समजली. गाडी ओळखीच्या हातात नीट चालली तर मामांच्या लेखी ती दुरुस्त नव्हतीच. जिला काहीच ठाऊक नसलेला माणूस निर्धास्त चालवील, ती खरी दुरुस्त. मी आयुष्यभर ज्याला आत्मा म्हणत आलो, त्याची किंमत हा माणूस रोज गॅरेजात डोळ्यांसमोर चालताना बघत होता. माझ्या लेखातलं एकेक वाक्य मला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो मोठा उतार आला, जाताना आम्हाला तो चढ होता. रस्ता मोकळा होता. खालच्या ओढ्यातही काही नव्हतं, हे मी काचेला नाक लावून पाहिलं. शाळेच्या आवारात आमची गाडी कडुनिंबाखाली उभी दिसली. मुलं पांगत होती आणि सुनंदा किल्ली हातात घेऊन गाडीकडे निघाली होती. मी धावत गेलो. धाप लागल्यामुळे मला एवढंच बोलता आलं, "ब्रेक... दोनदा मारावा लागतो."



"तीनदा," ती म्हणाली. "आता तीनदा मारावा लागतो. दिवाळीपासून चाललंय. मी उतारावर पहिल्या गिअरमध्ये येते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, तो तिचा स्वभाव आहे."

ती रागावून बोलली नाही. तिचं साधं बोलणं असतं तसंच बोलली. शिरीष जमिनीकडे बघू लागला. मामा अनवाणी पायांनी तापलेल्या मातीतून पुढे आले आणि त्यांनी सुनंदासमोर हात जोडले. "चुकलं बाई. ह्या गाडीचं समदं मी बघतो. मी तुम्हाला इचाराय पायजे होतं." चूक माझी होती, आणि माफी तो माणूस मागत होता. मला तिथे उभं राहवेना, आणि जायला जागाही नव्हती. मी आयुष्यात बरेच मोठे म्हणवणारे लोक पाहिले, त्यांच्या हस्ते शालीही घेतल्या. पण एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आमची गाडी शाळेतच ठेवली. सुनंदाला शिरीषच्या गाडीतून घरी आणलं. दुपारी मामा आणि माधव टेम्पोवर चढवून गाडी गॅरेजात घेऊन गेले.

गेल्या वर्षी मामा गेले. हृदयविकाराने, अगदी थोडक्यात. माधव गॅरेज चालवतो, आणि दुरुस्त झालेली गाडी आता तो शेजारच्या पानवाल्याला फिरवायला देतो.

मला मामा आठवतात ते मात्र त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी, आमची गाडी तयार झाली त्या दिवशीचे. ह्या वेळी मी आडवा आलो नव्हतो. दार, काच, सकाळचं रुसणं, ब्रेक, सगळं त्यांनी काढून नवं केलं होतं. माधव फेरी मारून आला आणि "हाव" म्हणाला. मी हात पुढे केला, पण मामांनी किल्ली सुनंदाला दिली. तिने दार लावलं, ते एका हाताने लागलं. मी शेजारी बसलो. खरं सांगतो, मला ती गाडी परकी वाटली, वडिलांची वाटेना. गॅरेजपासून आमच्या गल्लीकडे एक छोटा उतार आहे. सुनंदाने एकदाच ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, आणि ती वळणावरून पुढे निघाली. थोड्या वेळाने मला कसलासा बारीक आवाज येऊ लागला. इंजिनचा असेल म्हणून मी कान दिला. सुनंदा गुणगुणत होती. अकरा वर्षं ती ही गाडी चालवत होती, आणि मी तिला चालवताना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.