गाडीवाट आणि कडूबाचं तोंड

केदारखेड्यात कडूबाचं तोंड प्रसिद्ध होतं. माणूस सरळ, कष्टाळू, कुणाच्या बांधावरची काडी उचलणार नाही; पण एकदा तोंड सुटलं की त्याला लगाम नसायचा. पारावर त्याचा आवाज चढला की पलीकडच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम न थांबवता विचारायच्या, आज कुणाची पाळी? त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असायचं. त्यामुळं तर तो आणखी जोरात बोलायचा. खऱ्याला कशाला भ्यायचं, असा त्याचा हिशेब.

नदीकडच्या शिवारात जायला एक जुनी गाडीवाट होती. पुढची कितीतरी शेतं त्या एका वाटेवर अवलंबून, आणि वाटेच्या तोंडाशीच राधेश्यामचं वावर. एका उन्हाळ्यात राधेश्यामनं नांगर फिरवून निम्मी वाट वावरात घेतली आणि कडेनं बाभळीचे काटे लावले. ट्रॅक्टर सोडा, बैलगाडीही जाईना. मका निघाली की पोती डोक्यावर घेऊन सडक गाठायची. या अन्यायाविरुद्ध पुढं कोण झालं, हे सांगायला नकोच. भोकरदनला तहसिलीत कडूबा इतक्या वेळा तावातावानं बोलून आला, की तिथला शिपाई त्याला लांबून बघूनच आत वर्दी द्यायचा.

शेवटी एकदाचे तलाठी आणि मंडळ अधिकारी वाट बघायला आले. टेप अजून उलगडायची होती, तेवढ्यात कडूबा बोलून गेला, "ह्याच्या बापानंबी असंच लोकायचं खाल्लं. आता ह्यो खाऊन राह्यला." राधेश्यामचा बाप वर्षापूर्वीच वारला होता. राधेश्याम अंगावर धावला, माणसं मध्ये पडली, साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. वाटेचा विषय बाजूला राहिला आणि मेलेल्या माणसावरून भांडण झालं. घरी येताना रामकिसन, कडूबाचा शेजारचा शेतकरी, त्याला म्हणाला, "भाऊ, पुढल्या खेपेला तुमी येऊच नका." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कडूबाला हे फार लागलं. आपण सगळ्यांसाठी घसा कोरडा करतो, आणि ही त्याची किंमत.

घसा खरोखरच गेला होता. आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला, मग पहाटे उठल्यावर निघेनासाच झाला. उषाबाई नवऱ्याला जालन्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ओरडून ओरडून स्वरयंत्रावर गाठी आल्यात. गाठी काढल्या, आणि ताकीद दिली: महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

पहिले काही दिवस कडूबानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. पारावर गेला की लोक मुद्दाम चुकीचं बोलायचे आणि त्याच्याकडं बघत हसायचे. वर्षानुवर्षांचं उट्टं काढत होते. शब्द ओठापर्यंत यायचे, तो गिळायचा. घरात तोंड उघडायला लागला की उषाबाई नुसतं बोट वर करायची.

मग हळूहळू त्याला ऐकू यायला लागलं. कान आधीही शाबूत होते, पण समोरचा बोलत असताना कडूबा मनात आपलं उत्तर जुळवत असायचा. आता उत्तर द्यायचंच नव्हतं, तर जुळवायचं कशाला? एका दुपारी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलताना उषाबाई बोलत बसली. सासू आजारी असतानाचं, लेकीच्या लग्नातलं, राधेश्यामच्या आईसमोरून जाताना आता मान वर होत नाही, तेही. आणि मध्येच, शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "तुमचं खरं असतं हो. पण तुमच्या तोंडातून निघेस्तोवर त्याचं भांडण होतं."

हे वाक्य तिनं याआधीही बऱ्याचदा सुरू केलं होतं. पुरं करू दिलं नव्हतं ते त्यानं. कडूबा तिच्या हातांकडं बघत राहिला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.

त्याच आठवड्यात तो दाढीसाठी सलूनबाहेर बसला होता. आत गिऱ्हाईक होतं, बाहेर एकच बाकडं. तिथं राधेश्याम येऊन बसला. "काय भाऊ, तोंडाची कंपनी बंद पडली का?" त्यानं टोमणा मारला. कडूबाचे कान तापले. पण तो नुसता त्याच्याकडं बघत राहिला. राधेश्याम आणखी एक बोलला, तरी उत्तर नाही. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळेना, तेव्हा त्याची पंचाईत झाली. गप्पही बसवेना. मग त्याचा आवाज उतरला. बोलणं बाप गेल्यावरच्या दिवसांवर आलं. "माझ्या बापानं तुमचं काय वाईट केल्तं?" असं त्यानं विचारलं. आणि मग हळूच म्हणाला, "वाट सोडायला मला जड न्हाई. पण बापानं टाकलेली पाइपलाइन त्या वाटंखालून गेलेली हाय. जेसीबी फिरला की माझी मोसंबी वाळली समजा."

बोलून झाल्यावर तो दचकला. सरकारी वाटेखालून विनापरवाना पाइप, हे त्यानं आपल्याच तोंडानं, तेही कडूबाला सांगितलं होतं. कडूबानं एकदाच मान हलवली. आत त्याचा नंबर लागला, तो दाढी करून घरी गेला.

महिना सरला. आवाज आला, थोडा जाड पण बरा. आता त्याच्याजवळ असं एक वाक्य होतं, की तहसिलीत जाऊन बोललं असतं तर राधेश्यामचा कारभार आटोपला असता. रोज सकाळी ते वाक्य जिभेवर यायचं. कडूबानं ते उषाबाईलाही सांगितलं नाही.

साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा निम्मं गाव गोळा झालं होतं. रामकिसनसुद्धा ओरडत होता. कडूबा बांधावरच्या दगडावर बसून होता. राधेश्याम सगळ्यांना उत्तरं देत होता, पण नजर सारखी त्या दगडाकडं जात होती. आता बोलेल, मग बोलेल. कडूबा बोलेना तसा राधेश्यामच अडखळायला लागला. अखेर मंडळ अधिकाऱ्यांनीच विचारलं, "तुम्ही आज काहीच बोलत नाही?"

कडूबा उठला. आवाज इतका हळू, की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. "वाट सगळ्यायला लागती, राधेश्यामभाऊलाबी. वाटंखालून कुनाची पाइपलाइन जात असंल, तर मुरूम टाकायच्या आधी ती खाली घ्यावी, वरून सिमेंटच्या नळ्या टाकाव्या. चर आमी खांदून देऊ." मग म्हणाला, "आन् त्यायच्या वडिलांबद्दल म्या जे बोल्लो, ते बोलायला नको व्हतं."

कुणाची पाइपलाइन, ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. राधेश्यामनं पायानं एक काटा बाजूला सारला. मग साहेबांना म्हणाला, "काटे म्या उद्याच काढतो. मोजून घ्या बराबर." त्या हंगामात नदीकडची मका ट्रॅक्टरनं सडकेला लागली. चर खांदताना राधेश्यामच्या घरून सगळ्यांना भाकरी आल्या होत्या.

तेव्हापासून कडूबाच्या गप्प बसण्याला गावात वजन आलं. काही जण म्हणतात, माणूस आतल्या गाठीचा झाला. तसं असेलही. पंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार पाठिंबा मागायला घरी आला. कडूबानं चहा दिला, ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उमेदवार अस्वस्थ झाला. कुणी न मागता त्यानं पाच माणसांदेखत गाडीवाटेवर खडी टाकायचा शब्द दिला. निवडून आल्यावर तो शब्द त्याला मोडता आला नाही, कारण कडूबा त्याला कधी आठवणही करून देत नसे. भेटला की नुसता बघायचा.

मागच्या उन्हाळ्यात रामकिसन आणि त्याच्या भावाचं सामाईक विहिरीच्या पाण्यावरून फाटलं. दोघं कडूबाच्या ओसरीत येऊन बसले. आधी कडूबाशी बोलले, मग त्याच्याकडून काही येईना म्हणून एकमेकांशी. आरडाओरडा झाला, थोरला रडला, धाकट्यानं पाणी आणून दिलं. उन्हं कलली तेव्हा पाळ्या ठरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, कडूबानं निवाडा दिला.

"काय निवाडा दिला हो?" उषाबाईनं जेवताना विचारलं.

"म्या कुठं काय बोल्लो?" कडूबा म्हणाला. मग लेकीचा विषय निघाला, आणि ताटातली भाजी निवेपर्यंत तो बायकोशी बोलत बसला.