डाव्या पायाची चप्पल

आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोटरसायकल बुटकी करून आणली ती माझ्यासाठी. सीट उंच, आणि माझे गुडघे आधी धानाच्या रोवण्याच्या चिखलात, मग बाजारात बसून बसून कामातून गेलेले. लुगडं नेसून एका बाजूनं बसायचं म्हणजे आधी टाचा उचला, मग कंबर वर ढकला, मग मांडीवर मासोळ्यांचं घमेलं घ्या. बाजारातून परतताना अडचण नव्हती. तिथं ओट्यावर बसल्या बसल्या सीटवर सरकता येतं. पण आमच्या घराला ओटा नाही. बांधू बांधू म्हणता पोरी नांदायला गेल्या, ओटा काही झाला नाही.

करडीकडच्या आमच्या गावातून तुमसरला मासोळ्या विकायला मी वीस वर्षं जाते. तलावातून त्यांनी धरायच्या, बाजारात मी विकायच्या, अशी वाटणी. ऑटोवाले वास येते म्हणून घमेलं पाहूनच मान फिरवतात. तेव्हा गाडीवर बसता आलं तर बाजार, नाही तर घर. तलावाच्या पाळीवर, तिथं बांधावरच, व्यापारी येतो, सगळा माल उचलून नेतो, ते खरं. पण मग मी दिवसभर करू काय? बाजारात घासाघीस करायला माणसं येतात, भांडायला शेजारीण असते. घरी बसले की माझा जीव आंबतो.

तुमसरच्या मिस्त्र्यानं मागचे शॉकअप काढून बुटके बसवले, पुढचे पाइप वर सरकवले आणि गाडी चांगली चार बोटं खाली आणली. वर म्हणाला, ‘‘काका, वळणावर सांभाळून. खाली घासन.’’

‘‘मी कोणती रेस लावून राहिलो?’’ आमच्या घरच्यांनी त्यालाच विचारलं.

दोघांनी वाकून सायलेन्सर पाहिला, स्टँड पाहिला. गाडी रिकामी उभी होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शहाणेच दोघं. मी बसले की मागची स्प्रिंग आणखी दबते, आणि माझे दोन्ही पाय डावीकडे, बायांसाठी लावलेल्या लोखंडी पट्टीवर. म्हणजे त्या गाडीत सगळ्यात खाली काय होतं, तर माझे पाय.

पहिल्या दिवशी मी कोणाचा हात न धरता बसले, आणि खरं सांगते, मला रडू आलं. तलावाच्या पाळीवरून डांबरी रस्त्याला लागताना डावीकडे एक आखूड वळण आहे. तिथं गाडी कलली आणि पायाखाली खर्रकन आवाज झाला. ‘‘काय झालं?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘गोटा असन.’’

गोटा नव्हता. डाव्या पायातल्या चपलेची कड रस्त्याला घासली होती. सांगितलं असतं तर हा माणूस त्याच दिवशी गाडी पुन्हा उंच करून आला असता, मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून मी बोललेच नाही. वळण आलं की दोन्ही पाय उचलून धरायचे, वळण गेलं की ठेवायचे, असं सुरू केलं. गुडघ्यातून कळ निघायची, घमेलं डुलायचं. एखाद्या दिवशी मी विसरायची, डोळा लागायचा, मग पुन्हा खर्रर्र. दिवाळीला घेतलेल्या जोडातली डाव्या पायाची चप्पल महिन्याभरात कडेनं कुरतडल्यासारखी झाली. घरी आले की मी ती खाटेखाली उलटी सारून ठेवायची. लेकरासारखी लपवाछपवी, ती पण या वयात. त्याचाही थकवाच यायचा.

एके दिवशी सकाळी वळणावरच कोणाची तरी म्हैस आडवी आली. त्यांनी गाडी जास्त कलती केली. पट्टी रस्त्यावर टेकली, मागचं चाक उचललं गेलं, आणि आम्ही दोघंही आडवे. घाई नव्हती, पडलो तेही सावकाश. माझा घोटा सोलला, रोहू पाळीवर पसरले. मला उठवून बसवल्यावर ते चप्पल शोधायला गेले. एक इकडून आणली, एक तिकडून. दोन्ही एकाशेजारी एक धरून पाहत उभे राहिले.

‘‘कवापासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘सांगतलं काहून नाही?’’

‘‘सांगतलं असतं तं तुमी गाडी वर केली असती.’’

‘‘केलीच असती,’’ ते म्हणाले आणि मासोळ्या गोळा करायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी जुने शॉकअप परत बसले. माल व्यापाऱ्याकडे जायला लागला. घोट्याचं निमित्त आठ दिवस पुरलं, मग घोटा बरा झाला आणि घरी बसायला कारणच उरलं नाही. मी तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. मला वाटलं, झालं, आपला बाजार संपला.

मग एका सकाळी अंगणात कुदळीचे आवाज. बाहेर येऊन पाहते तर हे खणत होते. तुळशीच्या बाजूला, गाडीइतका लांब आणि दोन वितींचा अरुंद चर. मुरमाची जमीन, कुदळ टणकन उडत होती, आणि साठीच्या माणसाला दम तो किती.

‘‘हे काय खणून राह्यले?’’

‘‘इथं उभी राय,’’ म्हणाले. कुदळीचा दांडा माझ्या कमरेला लावून पाहिला, मग गाडीच्या सीटला. ‘‘अजून चार बोटं पाहिजे.’’ आणि पुन्हा खणायला वाकले.

दुपारपर्यंत चर झाला, पुढच्या तोंडाला उतार ठेवलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी आत उतरवली. चाकं जमिनीत गेली आणि सीट माझ्या कमरेला आली. मी नुसती मागे सरले आणि बसले. त्यांनी घमेलं माझ्या मांडीवर दिलं, समोर बसून किक मारली. गाडी उतार चढेना. मागचं चाक मुरमात फिरत होतं, ते दोन्ही पाय चराच्या काठावर रोवून रेटा देत होते, मानेच्या शिरा ताठलेल्या.

‘‘उतरू का?’’ मी विचारलं.

‘‘बसून राय,’’ ते म्हणाले.